'समजलं ना?'

[दृश्य: ओपीडीबाहेरची बाकं. मांडीवर फाइल धरून बसलेली माणसं.]

निवेदन:

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय. 1941 पासून इथे कॅन्सरचे रुग्ण येतात. बीडहून, यवतमाळहून, पार बिहार-बंगालहून. नाव पुकारलं की माणूस आत जातो.

अशा कुठल्याही खोलीत डॉक्टर सांगतात, "गाठ कॅन्सरची आहे." मग पुढचं: आधी केमो, नंतर ऑपरेशन, ताप आला तर घरी थांबू नका, लगेच या. "समजलं ना?" रुग्ण मान हलवतो. बाहेर बायको विचारते, "काय म्हणाले हो?" त्याला काहीच आठवत नाही.

लोक याला अडाणीपणा म्हणतात. हा अन्याय आहे. शिकलेल्यांचंही असंच होतं.

वाक्य समजायचं तर त्याची सुरुवात शेवट येईपर्यंत मनात धरून ठेवावी लागते. हे काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टन यांच्या संशोधनानुसार, तीव्र ताणात नेमका हाच भाग मंदावतो. 'कॅन्सर' हा शब्द मनात रुततो आणि त्यानंतरचं सगळं कानावरून जातं. त्यात बोलणं हिंदीत आणि ऐकणाऱ्याची भाषा मराठी किंवा बंगाली असेल, तर ओझं आणखी वाढतं.

नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांनी 2003 मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात. आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं.

आता ते तापाचं वाक्य घ्या. केमोनंतर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी साधा वाटणारा तापही काही तासांत जिवावर बेतू शकतो. ते वाक्य निसटलेला माणूस पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघतो.

[दृश्य: नर्स रुग्णाशेजारी बसून बोलते आहे.]

निवेदन:

'समजलं ना?' या प्रश्नाला घाबरलेला माणूस 'हो'च म्हणणार. म्हणून प्रश्न बदलायचा: "काका, रात्री ताप आला तर काय कराल? मला सांगा बघू." याला टीच-बॅक म्हणतात. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना वेळ नसतो, हे खरंच. पण हे नर्सताईही विचारू शकतात. उत्तर अडखळलं तर तेवढंच वाक्य पुन्हा सांगायचं, त्यांच्या भाषेत. आणि या वेळी बायकोलाही आत बोलवायचं.