आरोपी सापडला नाही तरी

श्रोतेहो, नमस्कार.

गरजूंना सरकारी खर्चाने वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर मी वकील आहे. मागच्या पावसाळ्यात एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मांडीवर किराणा दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. आत दवाखान्याची बिलं, नवऱ्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला. रात्री शेतावरून येताना नवऱ्याला कुणीतरी मारलं होतं, कुणी ते उलगडलं नव्हतं. पिशवीत एफआयआर तेवढा नव्हता.

"मागितला नाही का?"

"मागायचा असतो होय?"

खरं तर मागावाही लागू नये. फिर्याद नोंदवली की तिची प्रत फुकट द्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे जुनं उत्तरही आता चालत नाही. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, कुठेही घडलेला असो, समोरच्या ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवायचा आणि मग हद्दीच्या ठाण्याकडे पाठवायचा. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे.

बाईंचा दुसरा प्रश्न होता, "मारणाराच सापडला नाही, तर भरपाई देणार कोण?" फार जणांची इथेच गल्लत होते. ही भरपाई आरोपीच्या खिशातून येत नाही, ती राज्य सरकारच्या निधीतून येते. २००९ सालच्या अखेरीस जुन्या फौजदारी संहितेत ३५७-अ हे कलम लागू झालं, आज ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९६ क्रमांकाने आहे. आरोपीचा माग लागला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. अर्जाला फी नाही. बाईंकडून मात्र एका एजंटाने नुसता फॉर्म भरायचे दोन हजार घेतले होते! त्यासाठी त्यांनी कानातलं मोडलं होतं.

बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. सुरुवातीला मर्यादा ३ लाखांची होती, पुढे ती १० लाखांपर्यंत गेली. मंजूर रकमेतला मोठा वाटा मुदत ठेवीत जातो. काहींना ते जाचक वाटतं, पण पैशावर टपलेले नातेवाईक पाहिल्यावर मला ते बरंच वाटतं. अशा पीडितांवर उपचार फुकट करायचे, हे खासगी दवाखान्यालाही लागू आहे. "आधी डिपॉझिट भरा" म्हणून परत पाठवणं हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नका. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. फोन नंबर लिहून घ्या, १५१००.

त्या बाईंचा अर्ज आम्ही त्याच दुपारी भरला. एफआयआरची प्रत ठाण्यातून आणायला दोन दिवस गेले. सगळे कागद लावून अर्ज आत दिला, तशा त्या खिडकीपाशीच थांबून राहिल्या. कारकुनाने वर पाहिलं.

"आता काय?"

"पोच द्या ना, साहेब. शिक्का मारून."