स्टिकरवर ४५०, आत किती?

जून महिना, रात्रीचे साडेदहा, सावईवेऱ्यातलं आमचं घर. पाऊस असा की कौलांवरच्या आवाजापुढे टीव्ही ऐकू येत नाही. लाईट गेली, आली, परत गेली, आणि मग आली ती नेहमीपेक्षा जरा जास्तच पांढरी. टेबलाखाली फट् करून आवाज झाला आणि वास सुटला. आई आतून विचारते, चुलीवर सुंगटं राहिली काय रे? सुंगटं नाही आई, कॉम्प्युटर.

(दृश्य: दुरुस्तीच्या टेबलावर उघडलेला एसएमपीएस, कॅमेरा अगदी जवळ.)

हाच तो. पुस्तकात पावर सप्लाय, पण फोंड्याला दुकानात जाऊन तसं म्हटलं तर समोरचा विचारतो, एसएमपीएस काय? ह्याचं काम एवढंच की भिंतीतले २३० व्होल्ट घ्यायचे आणि आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी द्यायचे. पण हा मरताना एकटा मरत नाही. माझा गेला तो मदरबोर्ड आणि एक हार्डडिस्क घेऊन गेला, त्या डिस्कवर पाच वर्षांच्या चतुर्थीचे फोटो होते, गणपतीवर टांगतात त्या माटोळीचे सुद्धा.

दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडून दाखवला. तुम्ही घरी उघडू नका हं, प्लग काढल्यावर सुद्धा आतल्या त्या वीज साठवणाऱ्या जाड्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट बसून असतात. तर इथे बघा, वीज आत येते तिथे बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलीय आणि कॉइलच्या ठिकाणी नुसते वायरचे दोन तुकडे सोल्डर केलेत. त्याच्या बाजूला सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, अंगावर घेणारा एमओव्ही असतो, निळ्या चकतीसारखा, त्याची पण जागा रिकामीच. काका म्हणाले, "बाबा, हे घर बांधलं पण दाराला कडीच नाही लावली."

हा मी विकत घेतलेलाच नव्हता मुळी. कॅबिनेटसोबत फुकट आलेला.

आता ह्याचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५०. लोक इथेच थांबतात, मी पण थांबलो होतो. खाली तक्ता असतो बारीक अक्षरात, त्यात १२ व्होल्टच्या खाली लिहिलंय १८ अँपिअर. १८ गुणिले १२, २१६ वॅट. आणि आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज ह्या १२ च्या लाईनवरूनच खातो, प्रोसेसर पण तिथूनच आणि ग्राफिक कार्ड पण तिथूनच. पूर्वी ५ आणि ३.३ वर बराच लोड असायचा, पेंटियम ४ च्या काळात, २००० च्या सुमाराला, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर आली आणि तिथपासून हिशेब बदलला. पण स्वस्त एसएमपीएसवाले अजून जुन्या लाईनींचे वॅट मिळवून आकडा फुगवतात. चांगल्या एसएमपीएसवर ५५० लिहिलं असेल तर १२ वरच ४५ अँपिअरच्या आसपास दिसतात.

मग घ्यायचा किती वॅटचा? माझ्या नव्या मशीनचं सांगतो. कोअर आय५ १२४०० हा प्रोसेसर, खोक्यावर ६५ वॅट म्हणतात पण जोर लावला की ११७ पर्यंत जाऊ शकतो. आरटीएक्स ३०६० चे १७०. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क धरून अजून ५०-६०. झाले साडेतीनशे. ग्राफिक कार्ड मधेच क्षणभर झटका मारतं, त्याला जागा ठेवायची, म्हणून ५५०. दुकानदार ८५० दाखवत होता, कशाला? नारळ ठेवायला टेम्पो नको.

८० प्लसबद्दल सगळे विचारतात. २००४ पासूनची ही चाचणी, ब्राँझ, सिल्वर, गोल्ड वगैरे, आणि ती सांगते फक्त किती वीज वाया जाते ते. गोल्ड म्हणजे अर्ध्या लोडवर ९० टक्के किंवा त्याच्यावर. पण चाचणी होते २३ अंशांच्या आसपास, आणि आमची माडी मे महिन्यात दुपारी काय असते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे मी गोल्डच्या आधी बघतो की पूर्ण वॅट किती तापमानाला लिहून दिलेत, ४० का ५० अंश, का काहीच लिहिलं नाही. आणि कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का, ८५ वाले आमच्या उकाड्यात लवकर फुगतात. वॉरंटी पण बघतो, चांगल्याला पाच, सात, काहींना दहा वर्षं देतात. ब्रँडवर डोळे मिटून जाऊ नका, एकच कंपनी चांगली पण मालिका काढते आणि कामचलाऊ पण, आणि बऱ्याच कंपन्या तर दुसऱ्याच कारखान्यातून बनवून घेतात. मॉडेलचं नाव बघा.

(दृश्य: फणसाची फांदी विजेच्या तारेवर टेकलेली, घरातला दिवा लवतो.)

हे आमच्या वाड्यावर रोजचं. ह्या एका लवण्यात एसएमपीएसला स्वतःच्या साठ्यावर तग धरावा लागतो, सुमारे १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका फेरीपेक्षाही कमी. तेवढ्यात यूपीएसने, म्हणजे बॅटरीच्या डब्याने, हात द्यायला हवा. स्वस्त यूपीएस चौकोनी लाटांची वीज देतो, काही अॅक्टिव्ह पीएफसीवाले, म्हणजे विजेच्या लाटेबरोबर करंट ओढणारे, एसएमपीएस त्याच्यावर बंदच पडतात, तेव्हा दोघांची जोडी जमते का ते दुकानातच लावून बघा. आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचा, लॅनची वायर पण. तिथे कुठलाही गोल्ड उपयोगाचा नाही.

पण खरी गोष्ट मला नंतर कळली. नवा एसएमपीएस लावला, पाय उघडे होते, कॅबिनेटला हात लागला आणि बोटांना मुंग्या. मला वाटलं हा पण बिघडला. बिघडला नव्हता. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, पण लागतो. आमचं घर जुनं, सॉकेट तीन भोकांचं पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती! इतकी वर्षं नुसतं भोक.

वायरमनने मागच्या पोरसात खड्डा मारला, पाईप पुरला, कोळसा आणि मीठ घातलं, तिथून वायर माडीपर्यंत. मुंग्या बंद. त्याने जाताना सांगितलं, पावसात काळजी नाही, पण एप्रिल-मेमध्ये जमीन सुकते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालत जा.

(दृश्य: सकाळ, तुळस, मागे पोरसू.)

ते काम आईने घेतलंय. तुळशीला पाणी घालून झालं की उरलेली बादली तिकडे. शेजारीण विचारते इथे काय लावलंस गो, तर म्हणते, कॉम्प्युटर.