आपल्या खासदारानं मत कुठं दिलं, हे शोधायचं कसं?

नमस्कार मंडळी. निवडणूक जवळ आली की व्हॉट्सअॅपवर एक कार्ड फिरायला लागतं. वर खासदारांचा हसरा फोटो, खाली हजेरी एवढे टक्के, प्रश्न एवढे, भाषणं एवढी. कार्यकर्ते म्हणणार, "बघा काम!" समोरचे लगेच शेजारच्या खासदाराचं कार्ड टाकणार, "हे बघा, ह्याच्या निम्मं तरी आहे का?" या सगळ्या भांडणात एक रकाना मात्र कधीच नसतो. मताचा. कायद्यांवर मत द्यायला माणूस दिल्लीला पाठवला, तर त्यानं ते दिलं कुणाच्या बाजूनं?

पण त्याआधी तुमचा खासदार कोण हे एकदा नक्की करा. हसू नका. इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ सांगली जिल्ह्यात आहेत, पण लोकसभेला ते हातकणंगल्यात मोडतात. तिकडं फलटण आणि माण सातारा जिल्ह्यातले, पण त्यांचा खासदार माढ्याचा. म्हणजे शिराळ्याचा माणूस सांगलीच्या खासदाराला शिव्या घालत असेल, तर त्या चुकीच्या पत्त्यावर चालल्यात.

आता मताकडं येऊ. लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूनं असणाऱ्यांनी हो म्हणावं, विरोधात असणाऱ्यांनी नाही म्हणावं. आवाज उठतो, अध्यक्ष निकाल सांगतात, संपलं. कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद कुठंच राहत नाही. तुमचा खासदार जोरात ओरडला, गप्प बसला की त्या वेळी कँटीनमध्ये होता, हे कुणालाही सांगता यायचं नाही.

नोंद होते ती मतविभागणीत. एखाद्या सदस्यानं आवाजी निकालाला हरकत घेतली आणि विभागणी मागितली, की बटणं दाबून मतदान होतं. घटनादुरुस्ती असेल तर विभागणी होतेच, कारण तिथं नेहमीपेक्षा मोठं, म्हणजे विशेष बहुमत मोजून दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान झालं, २८८ विरुद्ध २३२. अशा वेळी बाजूनं कोण, विरोधात कोण, ही नावं त्या दिवसाच्या कामकाजाच्या अहवालात छापली जातात.

(स्क्रीनवर: लोकसभेच्या वेबसाइटवरचा कामकाजाचा अहवाल)

हा अहवाल लांबलचक असतो, कंटाळू नका. विधेयकाची चर्चा संपते तिथं जा. नावांची यादी तिथंच सापडेल. एका मतदानाला पाचेक मिनिटं लागतील, जास्त नाही. यादीत नाव दिसलं नाही, तर त्यालाही अर्थ आहे. मतदानाच्या वेळी साहेब सभागृहात नव्हते, किंवा बसून होते आणि बटण दाबलं नाही.

बरं, नाव सापडलं. पण ते मत खरंच त्यांचं का? इथं व्हिप येतो, म्हणजे पक्षादेश. १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदी आली. तेव्हापासून पक्षाचा आदेश मोडून मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, तरी खासदारकी जाऊ शकते. म्हणून मागच्या बाकावरच्या खासदाराचं मत बघून "हा शेतकऱ्यांच्या विरोधात गेला" असं एकट्याला धरून बसण्यात फारसा दम नाही. पक्षाला विचारा. मी काही खासदारांची बाजू घेत नाही. व्हिपच्या आडोशाला उभं राहायला त्यांनाही बरं वाटतं, हे आपल्याला दिसतंच की.

आणि इथंच सांगलीची गंमत आहे. २०२४ ला सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. काँग्रेसला त्यांनी पाठिंबा दिला, पण कागदावर ते अपक्षच. त्यामुळं त्यांच्यावर कुणाचाच व्हिप चालत नाही. प्रत्येक विभागणीतलं त्यांचं मत हे त्यांचं स्वतःचं, आणि त्याचा जाबही त्यांनाच विचारायचा. अपक्ष असण्याचे तोटेही आहेत. निवडून आल्यावर अपक्षानं रीतसर पक्षात प्रवेश केला, तर सदस्यत्व रद्द होऊ शकतं. शिवाय चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटला जातो, त्यामुळं एकट्यादुकट्याच्या वाट्याला दोन-चार मिनिटं येतात, तीही शेवटी. तेव्हा भाषणांची संख्या मोजताना हे ध्यानात ठेवा.

साताऱ्याचं उदाहरण याच पक्षांतरबंदी कायद्याचं. २०१९ ला उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून निवडून आले आणि काही महिन्यांत भाजपमध्ये गेले. जाताना खासदारकीचा राजीनामा द्यावा लागला, पोटनिवडणूक लागली आणि श्रीनिवास पाटील निवडून आले. त्या प्रचारातली शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांना आठवते. ती पोटनिवडणूक लागली कशामुळं, हे फार जणांना आठवत नाही.

आता प्रश्न. कार्डावरचा हा आकडा सगळ्यात फसवा. एका दिवशी २० तारांकित प्रश्न यादीत येतात. त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतात, पण तासाभरात त्यातले मोजकेच होतात. अतारांकित २३०, त्यांचं उत्तर लेखी. कुणाचा प्रश्न लागणार हे चिठ्ठीवर ठरतं. म्हणजे आकडा कमी, तर नशीबही आडवं आलेलं असू शकतं. उलट आकडा मोठा, पण प्रश्न सगळे "देशात अमुक योजनेची स्थिती काय" असे, तर ते कुणीही कुठूनही विचारू शकतं.

म्हणून प्रश्नाचा मजकूर उघडा. समजा, प्रश्न म्हैसाळच्या पाणी योजनेवर आहे. उपप्रश्नात जत तालुक्याचं नाव आहे का? निधी किती मंजूर आणि प्रत्यक्षात किती आला, हे वेगवेगळं विचारलंय का? मग उत्तर बघा. "पाणी हा राज्याचा विषय आहे" एवढ्यावर मंत्र्यांनी बोळवण केली, तर पुढच्या अधिवेशनात त्याच विषयावर दुसरा प्रश्न आला का? "माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल" असं उत्तर आलं, तर ते सरकारचं आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला संसदेची वेगळी समिती आहे. एकाच विषयाला दोन-तीन अधिवेशनं धरून बसलेला खासदार माझ्या लेखी शंभर सुट्या प्रश्नांपेक्षा भारी.

हजेरीबद्दल थोडक्यात. सकाळी नोंद केली की दिवस भरला. नंतर सभागृहात किती वेळ बसले, ते त्यात कळत नाही. मंत्र्यांची तर हजेरी लागतच नाही. खासगी विधेयकांचा, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेल्या विधेयकांचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झालीत, आणि शेवटचं १९७० साली. वर्षाचा ५ कोटींचा खासदार निधी हा संसदेतल्या कामात धरायचा नाही, त्याचा हिशोब वेगळा. खासदारांच्या स्थायी समितीत मात्र खरं काम होतं, विधेयक कलमवार तपासलं जातं. पण ते बंद दाराआड, त्यामुळं कार्डावर त्याचा पत्ता नसतो.

तर एक करा. लोकसभेच्या वेबसाइटवर प्रश्नांच्या भागात जा, तुमच्या खासदाराचं नाव निवडा आणि विषयात हळद, द्राक्ष, बेदाणा, रेल्वे, महापूर असं काहीही टाकून बघा. हिंदी-इंग्रजी दोन्हीत शोधा, मराठीत फारसं मिळणार नाही. सापडलेल्या प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख खाली लिहा, सगळ्यात जास्त ज्याबद्दल येईल त्याचं उत्तर पुढच्या वेळी ओळ न् ओळ वाचू. आमदारांचं मी आज मुद्दाम काढलं नाही. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांत आठ-आठ आमदार, आणि विधानसभेतला लक्षवेधी सूचनांचा, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधण्याचा कारभार हा अख्ख्या एका व्हिडिओचा ऐवज आहे.