फार्कश आणि यानोश: समांतर रेषांच्या नादाची गोष्ट

इसवी सन पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने भूमिती पाच गृहीतकांवर उभी केली. पहिली चार सुटसुटीत. पाचवं मात्र लांबलचक. दोन रेषांना तिसरी छेदून गेली आणि एका बाजूचे आंतरकोन मिळून दोन काटकोनांपेक्षा कमी भरले, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला मिळतात. हे गृहीत कशाला धरायचं, आधीच्या चारांतून सिद्ध करता येईलच की! या आशेवर भल्याभल्यांनी दोन हजार वर्षं घालवली.

१७३३ साली इटलीतला गणिती सॅकेरी अगदी उंबरठ्यापर्यंत आला. पाचवं गृहीतक खोटं मानून तो प्रमेयं काढत गेला, पण खरी विसंगती काही हाती लागेना. शेवटी, हे सरळ रेषेच्या स्वभावाविरुद्ध आहे, असं म्हणून त्याने युक्लिडलाच विजयी ठरवलं. हा काही पुरावा नव्हे.

आता ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात. फार्कश बोयाई, गणिताचे प्राध्यापक, थोर जर्मन गणिती गाउसचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. समांतर रेषांनी, म्हणजे याच पाचव्या गृहीतकाने, त्यांना पुरतं पोळलेलं. १८२० मध्ये मुलगा यानोश त्याच नादाला लागल्याचं कळताच त्यांनी पत्रातून विनवलं: त्या वाटेला जाऊ नकोस, माझ्या आयुष्यातला सगळा उजेड, सगळा आनंद त्या अंधारात विझला.

पोरगा कसला ऐकतोय! सैन्यात इंजिनिअर असलेल्या यानोशने ३ नोव्हेंबर १८२३ रोजी तेमेश्वारहून उलट कळवलं, की शून्यातून मी एक नवंच विश्व उभं केलंय. युक्लिडच्या भूमितीत रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणारी एकच रेषा जाते, या विश्वात मात्र अशा कितीतरी जातात. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकी तूट जास्त.

वडिलांच्या ग्रंथाचं परिशिष्ट म्हणून हे छापलं गेलं. १८३२ मध्ये वडिलांना गाउसचं उत्तर आलं: याची स्तुती करणं म्हणजे माझीच स्तुती करणं, कारण मी हे कधीच करून ठेवलंय. गाउस खोटं बोलत नव्हता. पण ओरड होईल या भीतीने त्याने ते छापलं नव्हतं. गेर्लिंग या मित्राला मात्र त्याने लिहिलं, की हा तरुण पहिल्या प्रतीचा प्रतिभावंत आहे. हेच चारचौघांत म्हणाला असता, तर?

यानोशने पुढे गणितातलं काही छापलं नाही. नुसती हजारो पानं लिहीत राहिला. १८४८ मध्ये त्याला आणखी एक गोष्ट कळली. रशियातल्या कझानच्या लोबाचेव्हस्की या गणितज्ञाने हीच भूमिती त्याच्याआधी, १८२९ मध्येच छापायला सुरुवात केली होती.

१८६८ मध्ये इटलीतल्या बेल्ट्रामी या गणितज्ञाने दाखवलं, की या भूमितीत विसंगती निघाली तर ती युक्लिडच्या भूमितीतही निघेल. म्हणजे पाचवं गृहीतक आधीच्या चारांतून सिद्ध होणारच नव्हतं. तोवर लोबाचेव्हस्कीला जाऊन बारा वर्षं झाली होती, यानोशला आठ.