‘यातलं तुम्ही काय केलंत?’

नमस्कार श्रोतेहो. आज मी बोलणार आहे ती आयटीच्या विद्यार्थ्यांशी. बीएस्सी आयटी, बीसीए, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, शाखा कुठलीही असो. ज्यांच्या घरी सध्या रोज जेवताना ‘प्लेसमेंटचं काय झालं?’ हा प्रश्न निघतो, त्यांच्याशी. आईवडीलही ऐकत असतील तर उत्तमच.

आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये एक अख्खी पिढी कारखान्यांत राबली. ‘काय करता?’ असं विचारलं की ही माणसं ताठ मानेनं सांगत, मी टर्नर आहे, मी फिटर आहे. कंपनी बंद पडली, बदलली, तरी हातातलं काम त्यांचंच राहिलं. आज त्याच पट्ट्यात ऐरोलीचं माइंडस्पेस आहे, महाप्याचं मिलेनियम बिझनेस पार्क आहे, रबाळ्याला डेटा सेंटर आहेत. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि कळवा-मुंब्र्याच्या मुलांनाही ही ऑफिसं जवळ आली. पण या मुलांना तोच प्रश्न विचारला तर उत्तर येतं, ‘आयटीत आहे’, नाहीतर थेट कंपनीचं नाव. नेमकं काम काय, हे दोन वाक्यांत सांगता येत नाही. मला याची मनापासून काळजी वाटते, कारण गळ्यातलं आयडी कार्ड कंपनीचं असतं आणि नोकरी सुटली की ते परत द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आपल्याकडे अशी कुठलीच सनद नाही. त्यामुळे बीकॉम झालेली मुलगीही या क्षेत्रात येऊ शकते, आणि हे फार चांगलं आहे. पण तुमच्यावर भरवसा ठेवावा असं सांगणारा कागदही मग कोणी देत नाही. तो भरवसा तुमच्या कामातूनच दिसावा लागतो, आणि त्याची सुरुवात कॉलेजातच होते.

मी महाप्याला नोकरी करते आणि नव्या मुलांच्या मुलाखती घेते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं की बहुतेकांचं उत्तर ‘आम्ही’पासून सुरू होतं. आम्ही लायब्ररीची सिस्टिम केली, आम्ही चौघांनी अ‍ॅप केलं. मग मी विचारते, यातलं तुम्ही काय केलंत? इथं पुष्कळ जण गप्प होतात. खरं तर ‘मी फक्त टेस्टिंग केलं, आणि या तीन चुका सापडल्या’ हे उत्तम उत्तर आहे. चौघांचं मिळून एक मोघम उत्तर मात्र कोणाच्याच कामाचं नसतं.

तुम्ही सगळे गिट वापरता, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते तयार केलं. त्यातल्या प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, ४० अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. तो तयार होतो फायलींचा मजकूर, आधीचा कमिट, वेळ, तुमचा संदेश आणि लिहिणाऱ्याचं नाव व ईमेल या सगळ्यांवरून. म्हणजे तुमचं नाव कामाच्या आतच विणलेलं असतं. ते बदललं तर क्रमांकच बदलतो. इतकी सोय असताना मुलं गिटच्या सेटिंगमध्ये कुठलातरी गमतीचा ईमेल ठेवतात आणि संदेशात लिहितात ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘आता नक्की फायनल’. त्याऐवजी ‘फी भरण्याची तारीख रविवारी आली तर येणारी चूक दुरुस्त केली’ असं लिहून पाहा. मला, तुम्हाला न भेटताही, तुम्ही कसा विचार करता ते कळतं.

याच टोरवाल्ड्स यांनी १९९१ च्या ऑगस्टमध्ये, हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना, आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल जाहीर संदेश लिहिला होता. हा आपला छंद आहे, आणि ती बहुधा ‘एटी’ या एकाच प्रकारच्या हार्डडिस्कवर चालेल, कारण आपल्याकडे तेवढीच आहे, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. पुढे ती लिनक्स म्हणून जगभर गेली. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की काय होतं आणि काय होत नाही, दोन्ही त्यांनी लिहिलं. तुमच्या प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फायलीत, अशा दोन ओळी असतात का?

लिनक्समध्ये २००४ पासून आणखी एक शिस्त आहे. कोड पाठवणारा खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून आपलं नाव घालतो. अर्थ असा, की हे मी लिहिलं आहे, किंवा हे देण्याचा हक्क मला आहे. बाजारात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, आणि आता एआयही मिनिटात पानभर कोड देतं. एआय जरूर वापरा, आम्हीही वापरतो. पण ज्या ओळी का आहेत हे सांगता येत नाही, त्यांच्याखाली सही करू नका.

एक उदाहरण सांगते. मुलाखतीला आलेल्या एका मुलीला कॉलेजच्या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कऱ्हाडे’ हे आडनाव सापडत नव्हतं. ‘सर्च चालत नाही’ एवढंच लिहून ती थांबली नाही. नाव कुठल्या फोनवर, कुठल्या कीबोर्डने टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, सगळं तिनं नोंदवलं. मग कारण शोधलं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो: ०९३१ हा एकच कोड, किंवा ‘र’चा ०९३० आणि त्यापुढे नुक्त्याचा, म्हणजे खालच्या टिंबाचा, ०९३सी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सॉफ्टवेअर नुसते कोड ताडून पाहत असेल तर त्याला ही दोन वेगळी नावं वाटतात. शोधण्याआधी मजकूर एका साच्यात आणला, ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, की प्रश्न सुटतो. ती मुलगी मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी बोलताना अडखळणारी. पण त्या दहा मिनिटांत, आपण मराठी मजकूर हाताळणाऱ्या डेव्हलपर आहोत हे तिनं वेगळं सांगायची गरजच उरली नाही. मराठी येणं ही आपल्या मुलांकडे आयती असलेली ताकद आहे, आणि ती रेझ्युमेत क्वचितच दिसते.

शेवटी सावधगिरीचा एक मुद्दा, कारण कॉलेजात हा सहसा कोणी सांगत नाही. डेमोसाठी वर्गातल्या मुलांचे खरे मोबाइल नंबर किंवा आधार क्रमांक वापरू नका. बनावट माहिती तयार करा. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये आपल्याकडे स्वतंत्र कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी ती माहिती तुमची नव्हे, त्यांची आहे. आणि पासवर्ड किंवा एपीआय की, म्हणजे एखादी ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली, चुकून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर गेली, तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसून भागत नाही. जुन्या इतिहासात ती तशीच राहते. आधी ती की रद्द करा, नवी घ्या, मग गाइडना आणि बरोबरच्या मुलांना कळवा. इतिहास साफ करायचं काम त्यानंतर. नमस्कार.