बोट गेले, बोटाचेच कागद द्या

नमस्कार श्रोतेहो. कामावर अपघात झाला, भरपाई मागितली आणि कंपनी आजारपणाचे कागद मागू लागली, तर कुठले द्यायचे आणि कुठले नाही, ह्याविषयी आज बोलायचे आहे. त्याआधी आमच्या वाड्यावरच्या एका दादाची गोष्ट सांगते. त्याला विचारूनच सांगते आहे. नाव मात्र सांगणार नाही.

दादाचा खाणीचा माल वाहणारा टिप्पर ट्रक होता. 2012 मध्ये आमच्या गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते चालूच. दादाची झोप गेली, जेवण गेले. वहिनीने त्याला बांबोळीला मनाच्या डॉक्टरांकडे नेले. दीड वर्ष गोळ्या घेतल्या, माणूस उभा राहिला, फोंड्याकडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागला. ही गोष्ट दोन घरांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हती. आपल्याकडचा वाडा कसा असतो, तुम्ही जाणताच. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वळणावर पोचायच्या आधी बातमी पोचते.

मग प्रेसखाली उजव्या हाताची तर्जनी गेली. मुळापासून. दादा आमचा घुमट, म्हणजे मातीचे चामडे चढवलेले वाद्य, वाजवणारा. चवथीला त्याचा हात पडल्याशिवाय आमच्या घरच्या आरतीला रंग येत नाही. हल्ली मोबाईलवर आरती लावतात आणि भोवती टाळ्या वाजवतात, ते मला मुळीच पटत नाही. 2019 मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. मान मिळाला ते चांगले झाले, पण वाड्यावाड्यावर शिकणारी दोन पोरे तरी हवीत ना? असो. दादाकडे येते.

त्याचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, मर्यादेपेक्षा जास्त होता, त्यामुळे भरपाई थेट कंपनीने द्यायची. कंपनीने एक इंग्रजी कागद पुढे केला. कुठल्याही इस्पितळाने माझी कुठल्याही वर्षाची नोंद कंपनीला द्यावी, असा त्याचा अर्थ. दादा घरी आला आणि म्हणाला, "राहू दे ती भरपाई." वहिनी डोळे पुसत माझ्याकडे आली. मुलीच्या लग्नाचे बोलणे चालले होते. ती जुनी फाईल कारखान्याच्या टेबलावर उघडी पडेल, ह्या भीतीने तो हक्काचे पैसे सोडायला निघाला होता. मनाच्या आजारात लाजण्यासारखे काहीच नाही, हे मी कुठेही सांगेन. पण कोणाला सांगायचे ते त्याने ठरवायचे, कारखान्याने नव्हे.

मी विचारले, "दादा, मशीनने काय नेले?"

"बोट."

"मग बोटाचेच कागद दे."

आम्ही ते वाक्य खोडले आणि वर हाताने लिहिले: फक्त ह्या अपघातातल्या उजव्या हाताच्या उपचारांच्या नोंदी. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे जोडले, सगळ्याची झेरॉक्स घरी ठेवली. कंपनीच्या डॉक्टरकडे दादा ठरल्या वेळी गेला. डॉक्टरने साखर आहे का विचारले, दादाने आहे म्हणून सांगितले. ते सांगायलाच हवे, साखरेमुळे जखम भरायला वेळ लागतो. मग प्रश्न आला, आणखी कुठे औषध चालू होते? दादा म्हणाला, "ह्या हातासाठी नाही." अहवालात हाताचेच लिहून आले. पूर्ण तर्जनी गेली तर कमावण्याची ताकद 14 टक्के घटली असे कायद्याच्या परिशिष्टात धरले आहे, त्या हिशेबाने पैसे मिळाले.

आता कायदा थोडक्यात. कामगारांच्या भरपाईचा मूळ कायदा 1923 चा. ती व्यवस्था आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. अपघाताची सूचना मिळाल्यावर कंपनी तीन दिवसांत तुमची फुकट तपासणी करवू शकते. तिला तुम्ही उगाच नकार दिलात तर तेवढा काळ भरपाईचा हक्क थांबतो. म्हणून तपासणीला जा. पुन्हा सांगते, तपासणीला जाच. पण तपासणी वेगळी आणि तुमच्या साऱ्या जुन्या फायली वेगळ्या. सरसकट संमतीवर सही करू नका. पाठीच्या दुखापतीचा दावा असेल आणि पाठ आधीपासून दुखत असेल, तर पाठीचे जुने कागद लागतील. भरपाईचा दावा ऐकणारे सरकारी अधिकारी, जुन्या कायद्यातले आयुक्त, कागद मागवू शकतात, त्यांना ते द्यावेच लागतात. पण ते सरकारी अधिकारी. कंपनीच्या कचेरीतल्या साहेबाला तो अधिकार नाही.

डॉक्टरांवरही बंधन आहे. डॉक्टरांच्या वागणुकीच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाचे गुपित त्यांनी बाहेर सांगायचे नाही, आणि तुम्ही स्वतःच्या नोंदी मागितल्यात तर 72 तासांत द्यायच्या. तेव्हा कागद इस्पितळातून तुम्हीच आणा, वाचा, आणि लागतील तेवढेच पुढे द्या.

काजूच्या आणि मासळीच्या कारखान्यांतल्या बायांसाठी एक गोष्ट. त्या जुन्या भरपाई कायद्याच्या 1924 च्या नियमांतच लिहिले होते की बाईच्या संमतीवाचून पुरुष डॉक्टरने तिला तपासायचे असेल, तर दुसरी बाई तिथे हजर हवी. तपासणीला एकटी जाऊ नका. जाऊबाईला न्या, शेजारणीला न्या, आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत न्या.