पाण्याकडे तोंड, वाऱ्याकडे पाठ

नमस्कार श्रोतेहो. पाण्याकाठी घर बांधायचं म्हटलं की पहिली मागणी ठरलेली: समोरची अख्खी भिंत काचेची हवी. त्यातून घर स्कँडिनेव्हियन धर्तीचं असेल, तर हा हट्ट आणखी वाढतो. मला मात्र त्या घरांची खुबी काचेपेक्षा आडोशात दिसते.

स्टॉकहोम 59 अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम सहा तासांचा, आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सातेक अंशच वर. ऊन डोक्यावर येतच नाही, ते आडवं शिरतं. समोर मोकळं पाणी असेल तर त्यावरून उसळून घरातल्या छतावर हलत राहतं. म्हणून छत पांढरं आणि खिडकीभोवतीच्या भिंतीच्या कडा आतल्या बाजूला तिरक्या रुंदावत जाणाऱ्या असाव्यात. तेवढ्यानेही खोलीत उजेड पसरतो.

गुन्नार आस्प्लुंड या वास्तुकाराने 1937 साली स्टॉकहोमच्या दक्षिणेला, खाडीकाठी, स्वतःच्या कुटुंबासाठी स्टेनेस हे उन्हाळी घर बांधलं. त्याचा नकाशा मला फार आवडतो. जमीन सपाट न करता घरच उताराबरोबर पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतं. सगळ्यात खाली, पाण्याजवळ, बैठकीची खोली आहे. ती उरलेल्या घरापासून किंचित तिरकी फिरवली आहे आणि तिथेच मोठी शेकोटी आहे. एवढासा तिरकेपणा, पण त्याने घराच्या कुशीत अंगण तयार होतं. पाणी दिसतं, आणि बसायला आडोसाही मिळतो.

स्वीडनमध्ये किनाऱ्यालगत साधारण 100 मीटरांचा पट्टा कायद्याने राखलेला असतो, जमिनीवरही आणि पाण्यातही. तिथे नवं घर सहजासहजी बांधता येत नाही. मला हे बंधन हिताचंच वाटतं. मधली झाडं राहतात, वारा अडतो आणि खोडांच्या फटींतून चमकणारं पाणी पाहायचा कंटाळा येत नाही.

आता दाराशी येऊ. पाण्याकाठच्या घरात मुलं भिजूनच परततात. म्हणून बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामध्ये एक छोटी खोली हवीच: लादीची जमीन, भिंतीलगत बाक, बाकाखाली बूट, आणि खुंट्यांच्या दोन ओळी. खालची ओळ मुलांच्या हाताला लागेल अशी. आतली जमीन पाइनच्या फळ्यांची, वॉर्निश न लावलेली, साबणाच्या पाण्याने धुतलेली. धुता धुता ती फिकट, मऊ होत जाते.

आणि जून विसरू नका. तेव्हा स्टॉकहोमला रात्री दहापर्यंत सूर्य असतो आणि पहाटे साडेतीनला पुन्हा उगवतो. बसायचा ओटा पश्चिमेला ठेवा, मोठ्यांना तो लांबलेला संधिप्रकाश मिळू दे. मुलांच्या खोलीत मात्र जाड, गडद पडदा लागेल. त्याच्या दांडीची जागा पहिल्याच नकाशात काढून ठेवा.